डेट्रॉईटच्या घराचा सातबारा

आधी एक गोष्ट क्लिअर करते. डेट्रॉईटला राहतो असं सांगणारी जी मराठी माणसं तुम्हाला भेटतात ना, ती डेट्रॉईटला राहत नाहीत. नोव्हाय, ट्रॉय, कँटन, फार्मिंग्टन हिल्स असं काहीतरी उपनगर असतं, आणि डेट्रॉईटमध्ये ती वर्षातून दोनदा जातात, एकदा पाहुण्यांना रिव्हरफ्रंट दाखवायला आणि एकदा ऑटो शोला. आम्हीपण बारा वर्षं तसेच होतो. मग २०२१ मध्ये आम्ही खरंच सिटीत घर घेतलं, सेव्हन माइल आणि लिव्हरनॉयच्या जवळ, बॅग्ली म्हणतात त्या भागात, १९२८ चं विटांचं घर, खिडक्यांना शिशाच्या पट्ट्यांत बसवलेल्या काचा. मंडळाच्या गणपतीत ही बातमी फुटली तेव्हा एका काकूंनी मला बाजूला घेऊन विचारलं, अगं पैशाची अडचण आहे का काही?

तर हे लिहितेय ते त्या घराचे जुने कागद काढले त्याबद्दल. दोन-तीन जणींनी विचारलं होतं कसं करतात म्हणून, आणि एकदा सांगायला बसलं की तास जातो, त्यापेक्षा लिहून टाकलेलं बरं.

सुरुवात क्लोजिंगच्या, म्हणजे खरेदीच्या सह्यांच्या, टेबलावर झाली. टायटल कंपनी म्हणजे घराची मालकी तपासून तिचा इन्शुरन्स देणारी कंपनी, तिच्या कागदांत एक पान असतं, इन्शुरन्स कशाकशाला लागू नाही त्याची यादी. त्यात एक ओळ होती की ही जागा नोंदणीकृत बिल्डिंग अँड यूज रिस्ट्रिक्शन्सच्या अधीन आहे, पुढे लिबर अमुक, पेज तमुक. मी विचारलं हे काय आहे. समोरची बाई म्हणाली जुनं काहीतरी असतं, कुंपण किती उंच, घर रस्त्यापासून किती आत, कोणी वाचत नाही. आता माझे वडील टेल्कोतून रिटायर झाल्यावर गावच्या जमिनीसाठी सहा वर्षं तलाठ्याकडे हेलपाटे घालत होते, त्यामुळे "कोणी वाचत नाही" असं कोणी म्हटलं की माझ्या अंगावर काटा येतो. सही केली, पण लिबर आणि पेज फोनमध्ये लिहून घेतलं.

लिबर म्हणजे रजिस्ट्रारच्या ऑफिसातलं मोठं बांधीव पुस्तक, आणि पेज म्हणजे पेज. इथे जमिनीचे जे व्यवहार काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, रजिस्टर ऑफ डीड्सकडे नोंदवले जातात ते असे लिबर-पेजने नोंदलेले असतात. आपल्या फेरफारासारखंच समजा, फक्त सातबारा नावाचं एक तयार पान इथे मिळत नाही, तो तुम्ही स्वतः एकेक डीड म्हणजे खरेदीखत बघत मागे मागे जात जोडायचा. आणि इथेच माझी पहिली चूक झाली, मी पत्त्याने शोधत बसले. दोन संध्याकाळी गेल्या, काहीच मिळेना. जुन्या नोंदींत घर नंबर आणि रस्ता नसतोच, तिथे असतं सबडिव्हिजनचं नाव आणि लॉट नंबर. म्हणजे कोणीतरी शेत विकत घेतलं, त्याचे प्लॉट पाडले, त्या लेआउटला एक नाव दिलं, आणि तेव्हापासून तुमची जमीन म्हणजे "अमुक सबडिव्हिजनचा लॉट १४२". हे तुमच्या डीडवरच लिहिलेलं असतं, लीगल डिस्क्रिप्शन म्हणून, जे आपण कधी वाचत नाही. ते मिळाल्यावर मग काम सरळ होतं. सगळ्यात नवीन डीड घ्यायचं, त्यात विकणारा कोण ते बघायचं, मग तोच माणूस घेणारा म्हणून कुठल्या डीडमध्ये आहे ते शोधायचं, आणि असं मागे मागे. नव्या नोंदी ऑनलाईन दिसतात, पानामागे पैसे पडतात, जुन्यासाठी डाउनटाऊनला ग्रीकटाऊनमध्ये ऑफिसला जावं लागलं.

आमची साखळी अशी निघाली. १९२८ ला पहिला मालक, नावावरून इंग्रज किंवा कॅनडाकडचा असावा. १९३३ ला शेरिफ्स डीड, म्हणजे कर्ज थकलं आणि घर लिलावात गेलं. ते वर्ष बघितलं की कळतं, त्या फेब्रुवारीत मिशिगनच्या गव्हर्नरने राज्यातल्या सगळ्या बँकाच आठ दिवस बंद ठेवल्या होत्या, डेट्रॉईटमध्ये गाड्यांचा खप बसला की सगळंच बसतं. मग काही वर्षं बँकेकडे. १९४४ ला एक ज्यू कुटुंब. आणि नंतर एकदम १९७४ ला एक कृष्णवर्णीय कुटुंब, ज्यांच्या मुलीकडून आम्ही घेतलं.

आणि ते रिस्ट्रिक्शनचं पान. कुंपणाची उंची होती, घर विटांचंच हवं हे होतं, कोंबड्या पाळायच्या नाहीत हे होतं. आणि कोंबड्यांच्या खालच्याच कलमात होतं की कॉकेशियन वंशाच्या माणसांखेरीज कोणीही ह्या जागेत राहणार नाही, घरकामाचे नोकर सोडून. टाइप केलेलं, व्यवस्थित, बाकीच्या कलमांसारखंच कलम. मी ऑफिसच्या खुर्चीत बसून ते तीनदा वाचलं आणि पहिला विचार काय आला तर, आम्ही ह्यात बसतो का?

हसू नका, हा प्रश्न खरंच कोर्टात गेला होता. भगतसिंग थिंड म्हणून एक शीख माणूस, पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात होता, त्याने नागरिकत्वासाठी दावा केला की मी उच्चवर्णीय आर्य आहे म्हणजे कॉकेशियन आहे म्हणजे गोरा आहे. १९२३ मध्ये सुप्रीम कोर्ट म्हणालं की शास्त्र काहीही म्हणो, सामान्य माणूस ज्याला गोरा समजतो तो तू नाहीस. म्हणजे बिचाऱ्याने तिथे जाऊन जातच पुढे केली आणि तीपण चालली नाही. आणि त्या काळातल्या जनगणनेत, १९३० आणि ४० च्या, रेस ह्या रकान्यात आपल्यासाठी चक्क "हिंदू" असा शब्द होता, शीख असो मुसलमान असो सगळे हिंदू. मला हे वाचून राग यायला पाहिजे होता पण मला आठवलं ते पुण्यातलं, लग्नानंतर भाड्याने घर बघत होतो तेव्हाचं. फोनवर सगळं ठरायचं आणि मग शेवटी हळूच, आडनाव काय म्हणालात? ते कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नव्हतं एवढाच काय तो फरक.

असो. तर आता मला त्या मधल्या माणसांबद्दल कळायला हवं होतं, नुसती नावं नकोत. ह्यासाठी दोन गोष्टी आहेत आणि दोन्ही फुकट. एक, जनगणना. घरोघरचे मूळ फॉर्म ७२ वर्षांनी खुले होतात, १९५० चे २०२२ च्या एप्रिलमध्ये ऑनलाईन आले. आपला रस्ता कुठल्या गणना-विभागात येतो ते आधी नकाशात शोधायचं, मग ती पानं एकेक चाळायची, अक्षर कधी मोत्यासारखं तर कधी डॉक्टरसारखं. आमचं घर सापडलं तेव्हा मी किंचाळले, नवरा मीटिंगमधून उठून आला. फॉर्मवर ते १९४४ वालं ज्यू कुटुंब. त्यातला नवरा मिशिगनचाच जन्मलेला, धंदा फर्निचरचं दुकान, स्वतःचं. बायको पोलंडची. तिची आई, जन्म रशिया. दोन मुलं. त्या म्हाताऱ्या बाईची खोली कुठली असेल ह्यावर आमच्या घरात आठवडाभर वाद चालला होता, माझं मत खालची मागची, कारण तिथे ऊन येतं.

दुसरी गोष्ट म्हणजे सिटी डिरेक्टरी. फोनबुक यायच्या आधीपासूनची, शहरातल्या प्रत्येक माणसाचं नाव, धंदा, पत्ता, कंसात बायकोचं नाव. ह्या छापणारी पोल्क कंपनी मूळ डेट्रॉईटचीच. वुडवर्डवरच्या मेन लायब्ररीत बर्टन कलेक्शन आहे तिथे ह्यांचे गठ्ठेच्या गठ्ठे आहेत. पेन बॅगेतच ठेवायचं, पेन्सिलने लिहायचं. मी आठ-दहा शनिवार तिथे काढले असतील. मागच्या भागात रस्त्यांप्रमाणे यादी असते, म्हणजे एका पानावर तुमची अख्खी गल्ली, ह्या घरात कोण, पुढच्यात कोण.

फर्निचरवाल्याच्या बापाला मागे मागे नेत मी १९२० पर्यंत पोचले. १९४० च्या आसपास ते डेक्स्टर रस्त्याच्या बाजूला राहत होते, त्याआधी ट्वेल्थ स्ट्रीटजवळ, आणि १९२० ला बाप शिंपी, पत्ता हेस्टिंग्ज स्ट्रीट. मी उत्साहाने नंबर घेतला, रविवारी गाडी काढली, हेस्टिंग्ज नावाचा रस्ता आता नाही हे माहीत होतं, पण नकाशावर हिशोब करून नदीकडच्या टोकाला जेफरसनजवळ जाऊन उभी राहिले, फ्रीवेचा फोटो काढला, घरी आले, खाली लिहून ठेवलं "इथे शिंप्याचं घर होतं". पुढच्या शनिवारी लायब्ररीतल्या माणसाला दाखवलं तर तो म्हणाला, हा १९२० चा नंबर आहे ना? १ जानेवारी १९२१ ला ह्या शहराने सगळ्या घरांचे नंबर बदलले. जुना-नवा जुळवायची यादी असते, ती बघितली तर माझा शिंपी मैलभर उत्तरेला निघाला. परत गेले. तिथेपण फ्रीवेच होता. दोन्ही फोटोंत काहीही फरक नाही, मी अजून दोन्ही ठेवलेत.

ह्या हेस्टिंग्जबद्दल थोडं सांगायला पाहिजे, कारण त्याशिवाय आमच्या गल्लीचं काही कळत नाही. डाउनटाऊनच्या पूर्वेला ब्लॅक बॉटम आणि त्याला लागून पॅरडाईज व्हॅली, आणि त्यातून जाणारा हेस्टिंग्ज. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथे रशिया-पोलंडकडून आलेले ज्यू, सिनेगॉग, शिंपी, भंगारवाले. मग फोर्डने १९१४ ला दिवसाला पाच डॉलर जाहीर केले, कारखाने वाढत गेले आणि १९१० ला ४ लाख ६६ हजारांचं शहर १९३० ला १५ लाख ६९ हजारांवर गेलं. त्यात दक्षिणेतून आलेले कृष्णवर्णीय, १९१० ला ५,७४१, १९३० ला १,२०,०६६. ह्या सगळ्यांना राहायला जागा कुठे, तर बहुतेक फक्त ह्याच भागात, कारण बाकी शहरभर आमच्या घरासारखी कलमं. ज्यू कुटुंबं वायव्येकडे सरकली तसा हेस्टिंग्ज कृष्णवर्णीयांचा झाला, दुकानं, क्लब, चर्च, डॉक्टर, सगळं तिथेच. आणि मग पन्नासच्या दशकात महापालिकेने झोपडपट्टी निर्मूलन म्हणत ब्लॅक बॉटम पाडलं आणि हेस्टिंग्जवरून फ्रीवे नेला. आय-३७५ चा तो तुकडा १९६४ ला सुरू झाला, लांबी जेमतेम मैलभर. भाडेकरूंना काय मिळालं विचाराल तर बहुतेकांना काहीच नाही, जा कुठे जायचं तिथे. ते गेले ट्वेल्थ स्ट्रीटकडे.

आता शेजारच्या आजी. ह्यांच्याबद्दल आधीच लिहायला हवं होतं. सत्तरीच्या पुढच्या, कृष्णवर्णीय, निवृत्त शाळामास्तरीण, आम्ही राहायला आलो त्या दिवशी स्वीट पोटॅटो पाय, म्हणजे रताळ्याचा गोड पदार्थ, घेऊन आल्या आणि म्हणाल्या की तुमच्या गटरमध्ये पानं अडकलीत, माझ्या ड्राइव्हवेवर पाणी येतं. मी त्यांना माझी साखळी दाखवली तर १९७४ वर बोट ठेवून म्हणाल्या, चूक. ते लोक १९६३ ला आले, आमच्याही आधी. आम्ही आलो तेव्हा त्यांनीच आम्हाला रस्त्याचं सगळं सांगितलं.

मी म्हटलं आजी डीड आहे माझ्याकडे, शिक्क्यासकट. त्या म्हणाल्या तुझं डीड तुझ्याजवळ ठेव.

हे मला बरेच दिवस सुटेना. मग लायब्ररीत साठच्या दशकातली डिरेक्टरी काढली, आमच्या घरापुढे १९७४ वाल्यांचंच नाव. म्हणजे आजी बरोबर. आणि मग १९७४ चं डीड नीट वाचलं, त्यात बारीक ओळ होती की हे डीड १९६३ च्या लँड काँट्रॅक्टच्या पूर्ततेसाठी देण्यात येत आहे. लँड काँट्रॅक्ट म्हणजे काय, तर बँक कर्ज देत नाही म्हणून तुम्ही विकणाऱ्यालाच हप्ते भरता, आणि शेवटचा हप्ता जाईपर्यंत डीड तुमच्या नावावर होत नाही. मधे हप्ते चुकले तर घरही जाण्याची भीती आणि भरलेले पैसेही. बँका का देत नव्हत्या त्याचंही कागदावर उत्तर आहे, १९३९ चा तो फेडरल नकाशा, मोहल्ल्यांना हिरवा निळा पिवळा लाल रंग दिलेला, लाल म्हणजे इथे पैसे गुंतवू नका, आणि कृष्णवर्णीय राहतात एवढं कारण लालला पुरेसं. १९४८ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की असली वांशिक कलमं कोर्टांनी अंमलात आणायची नाहीत, त्यात डेट्रॉईटच्या सीबाल्ट स्ट्रीटवरच्या मॅकगी कुटुंबाची केसपण होती. पण कलम मेलं तरी कर्ज मिळेना. तर ही माणसं अकरा वर्षं ह्या घरात राहिली, छप्पर बदललं, मुलं वाढवली, आणि काउंटीच्या पुस्तकात त्यांचं नावच नाही. मी नुसते डीड बघून "सातबारा" पूर्ण केला असता तर ती अकरा वर्षं फर्निचरवाल्याच्या नावावर गेली असती.

आजींच्या घरचं मग त्यांनीच सांगितलं, मी फक्त पेन्सिलने नकाशावर रेघ ओढत होते. वडील अलाबामाहून आले, फोर्डच्या रूज प्लँटमध्ये फाउंड्रीला. आजींचा जन्म हेस्टिंग्जपासून दोन गल्ल्यांवर. ते पाडलं तेव्हा ट्वेल्थ स्ट्रीटजवळ भाड्याने. मग डेक्स्टरच्या बाजूला. १९६७ च्या जुलैत ट्वेल्थ आणि क्लेअरमाउंटच्या कोपऱ्यावर पोलिसांनी एका बेकायदा बारवर धाड घातली तिथून जे पेटलं त्यात पाच दिवसांत ४३ माणसं गेली, त्यानंतरच्या वर्षी वडिलांनी इथे घर घेतलं. रेघ ओढून झाली आणि मी शिंप्याच्या कुटुंबाचा कागद शेजारी ठेवला. हेस्टिंग्ज, ट्वेल्थ, डेक्स्टर, लिव्हरनॉय. तेच थांबे, त्याच क्रमाने, वीस-पंचवीस वर्षांच्या अंतराने. मला वाटलं मी काहीतरी शोध लावला. आजी म्हणाल्या, हे इथे सगळ्यांना माहीत आहे बाळा, दुसरीकडे कोणी विकतच नव्हतं आम्हाला.

त्या सुमारास आई चिंचवडहून आली होती, तिला मी भिंत दाखवायला नेलं. आमच्यापासून गाडीने थोडंसं, एट माइलजवळ, बर्वुड रस्त्याच्या मागे. १९४१ ला एका बिल्डरला गोऱ्यांसाठी कॉलनी बांधायची होती, शेजारी कृष्णवर्णीयांची वस्ती म्हणून सरकारी हमीचं कर्ज मिळेना, तर त्याने मधे साधारण अर्धा मैल काँक्रीटची भिंत घातली आणि कर्ज मंजूर झालं. अजून उभी आहे, बागेजवळच्या भागावर रंगीत चित्रं काढलीत. आई बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, एवढीच? सहा फुटांची आहे ती, कोणीही उडी मारेल. आता त्या भिंतीच्या दोन्ही बाजूंना कृष्णवर्णीय कुटुंबंच राहतात. आईला मी ते कर्जाचं समजावून सांगायचा प्रयत्न केला, तिने ऐकलं आणि म्हणाली आपल्याकडे भिंत बांधायचा खर्चपण केला नसता कोणी.

शेवटचा टप्पा ते कलम काढायचा. मिशिगनमध्ये २०२२ ला कायदा झाला, घरमालक एक फॉर्म भरून असलं कलम रद्द झाल्याची नोंद करू शकतो. जुन्या कलमाचं लिबर-पेज, लॉटचं वर्णन, नोटरीसमोर सही, आणि काउंटीकडे नोंदवायचं. जुनं पान कोणी फाडत नाही बरं का, ते तसंच राहतं, फक्त पुढच्या एका लिबरमध्ये एक नवीन पान येतं. नवरा म्हणाला मग उपयोग काय, मी म्हटलं फेरफार आहे, फेरफाराचा उपयोग विचारायचा नसतो. मी आधी लॉट नंबरच चुकीचा लिहिला होता, शेजाऱ्यांचा, म्हणजे जवळजवळ आजींचंच कलम काढून टाकलं असतं मी. नोटरीकडे जाताना लक्षात आलं. मग आजींना विचारलं तुमच्यासाठीपण फॉर्म भरू का, तर म्हणाल्या वडिलांनी ज्या कागदावर घर घेतलं तो मला तसाच हवाय.

तो डिरेक्टरीतल्या पानाचा झेरॉक्स मात्र मी त्यांना नेऊन दिला, आमची अख्खी गल्ली एका पानावर, त्यांच्या वडिलांच्या नावासकट. त्यांनी चष्मा लावला, बराच वेळ बघितलं. मग म्हणाल्या स्पेलिंग चुकलंय. नावात एक अक्षर जास्त होतं, आणि पुढे धंदा लिहिला होता, लेबरर. लेबरर नव्हते, कोअरमेकर होते, फाउंड्रीत साच्याच्या आतला वाळूचा गाभा बनवायचं काम, ते शिकायला वर्षं लागतात. स्वयंपाकघरातून पेन आणलं, एक अक्षर खोडलं, लेबरर खोडलं, वर नीट शाळेतल्या अक्षरात कोअरमेकर लिहिलं, आणि पान मला परत दिलं, की हे तिकडे नेऊन दाखव त्यांना. मी म्हटलं आजी तिथे पेनने लिहिलेलं चालत नाही. त्या म्हणाल्या चालेल. आणि गटर कधी साफ करतेस?